रक्ताचा फोटो

झेरॉक्सच्या दुकानात किस्से कागदाच्या कात्रणांसारखे साठतात. रोज झाडलं तरी टेबलाखाली चार उरतातच. त्यातले हे सगळे एकाच चित्राचे.

सुरुवात झाली सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. तलासरीतल्या आमच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात कॉलेजच्या रेखा मॅडम वाकून आत आल्या. "सविता, रक्ताचा फोटो काढून मिळेल का?"

रक्त म्हटलं आणि मी शटर वर ढकलायचंच विसरले. त्याला कारण होतं. माझी परी चार वर्षांची, सारखी फिकट दिसते, पाय दुखतात म्हणते. आरोग्य केंद्राची आशाताई कधीची मागे लागली होती, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या पिढीजात आजाराची, तपासणी करून घे. बोटातून थेंबभर रक्त घेतात, बाकी काही नाही. पण माझा धीर होत नव्हता. तपासलंच नाही तर काही निघणारच नाही, असं माझं चाललं होतं.

मॅडमना पोस्टर पाहिजे होतं. रविवारी वेवजीला, म्हणजे आमच्याच गावात, त्याच तपासणीचं शिबिर होतं. त्यांनी आमच्या कॉम्प्युटरवर एक वेबसाइट उघडली. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा अगदी बारीक कण, पण पडद्यावर लाल-निळ्या गोळ्यांचा हा मोठा झुबका. माऊसने हवा तसा फिरवायचा.

"याचे दोन फोटो हवेत," मॅडम म्हणाल्या. "एक चांगल्या रक्ताचा, एक सिकलसेलचा."

* * *

आमचे मालक किरीटभाई म्हणाले, "एमां शूं, त्यात काय? आत्ता काढतो." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पडद्याचाच फोटो घेतला. त्यात झुबका आला, ट्यूबलाइट आली आणि मधोमध किरीटभाईंचं टक्कल आलं.

मॅडमनी बघितलं. "यातलं सिकलसेल कुठलं?"

* * *

मग त्या पानाच्या कडेला एक कॅमेऱ्याचं चिन्ह सापडलं. दाबलं की चित्र सेव्ह. खाली दोन-तीन चौकटी होत्या. किरीटभाईंनी सगळ्यांवर टिक केलं. फुकट आहे तर सोडायचं कशाला!

त्यातली एक चौकट चित्रामागचा रंग काढून टाकायची होती. आमच्या जुन्या प्रोग्रामने त्या रिकाम्या जागी काळा भरला. प्रिंटर बराच वेळ कण्हत राहिला आणि काळाकुट्ट कागद बाहेर आला. त्यातच शाई संपली.

"मॅडम," किरीटभाई म्हणाले, "ही तर अमास झाली."

* * *

सेव्ह केलेलं चित्र जाऊन बसलं गिऱ्हाइकांच्या पासपोर्ट फोटोंच्या फोल्डरमध्ये. दुपारी एक भाऊ फोटो घ्यायला आले. मी घाईत प्रिंट दिली. एका कागदावर आठ झुबके, पांढरी कडा सोडून.

ते म्हणाले, "हा मी नाही."

त्यांचा दोस्त वाकून बघत म्हणाला, "कान जुळतात रे."

* * *

पहिली नीट प्रिंट आली ती आम्ही काचेवर लावली. कोसबाडकडचे एक चिकूवाले काका सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले होते. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी ती बघितली.

"हा रोग आमच्याकडे अजून नाही आला. काय फवारायचं?"

किरीटभाई गंभीरपणे म्हणाले, "फवारायचं नाही काका. तपासायचं."

मी कागद मोजत बसले.

* * *

दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर मॅडमनी कपाळाला हात लावला. एक समोरून घेतलेला, एक मागून. "अगं, फरक इवल्याशा जागेचा आहे आणि आपण अख्खं रक्तच उलटं केलंय."

मी म्हटलं, "परीच्या अंगावर पुरळ उठलं की मी रोज फोटो काढते. तीच खिडकी, हात तसाच. नाहीतर वाढलं की कमी झालं तेच कळत नाही."

"सविताबेन," किरीटभाई म्हणाले, "तुमच्या फोनमध्ये परी कमी, पुरळ जास्त."

मग दोन्ही कण एकाच पानावर एकावर एक बसवले. एक लपवायचा, फोटो. दुसरा लपवायचा, फोटो. मध्ये काही हलवायचं नाही. अंगणवाडी सुटल्यावर परी दुकानातच असते, आणि तिने बरोबर मध्येच माऊस ओढला. परत पहिल्यापासून. शेवटी किरीटभाईंनी तिला एक बिघडलेला माऊस दिला. ती तो दाबायची आणि आमच्या पडद्याकडे बघून विचारायची, "काढला?"

"काढला," किरीटभाई म्हणायचे.

"चांगला आला?"

"एक नंबर."

* * *

रविवारी शाळेच्या पटांगणात पोस्टर लागलं. टेबलावरची सुई बघून बायका लांब झाडाखाली बसून राहिल्या. परीला कडेवर घेऊन मी त्यांच्याही मागे.

सासूबाई मात्र सरळ पोस्टरपाशी गेल्या. "हा कोणाच्या रक्ताचा फोटो?"

"सगळ्यांच्याच, आजी," मॅडम म्हणाल्या.

"माझ्यात पण असले झुबके आहेत?"

"मोजता येणार नाहीत इतके."

"आणि आजपर्यंत कोणी फोटो काढला नाही," असं म्हणून त्या माझ्याकडे आल्या. परीला माझ्या कडेवरून घेतलं. माझ्या पिशवीतला पावडरचा डबा काढून तिच्या तोंडाला पावडर लावली. मग तिच्या बोटालाही लावली.

नर्सबाई म्हणाल्या, "आजी, ते पुसावं लागेल."

"पुसा. पण तिला आधी नटलेलं बोट बघू दे."

परीने बोट पुढे केलं. मी डोळे मिटले. रडणं काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच, "काढला?"

"काढला," नर्सबाई म्हणाल्या.

"चांगला आला?"

सासूबाईंनी पदराने तिचं बोट धरलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि झाडाकडे तोंड करून आवाज दिला, "बसलात काय गं? फोटो काढतायत. पाड्यावर सगळ्यांना सांगा. आणि येताना पावडर लावून या म्हणावं."