वन्संचं ‘वा’

माझ्या धाकट्या नणंदेच्या लेखी जगात सहा वर्षांच्या वरचं माणूसच नाही. तहसीलदार असो, देवळातले गुरुजी असोत, की पंचाहत्तरी उलटलेली मी, तिला सगळे पहिलीतलेच दिसतात. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी मी तिला वन्सं म्हणते आणि ती मला वैनी. आमच्याच घरात वरच्या खोलीत राहते. इथल्या तमिळ मुलखात, मेलकावेरीतल्या एका प्राथमिक शाळेत तिचा जन्म गेला. शेवटची काही वर्षं तर तिला वर्गच नव्हता. मुलांना शिकवायचं नाही, वागायला लावायचं, हे तिचं काम. शाळेतल्या तिच्या खोलीच्या दारावर इंग्रजीत लांबलचक पाटी होती. मी चौथी शिकलेली, मला ती कधी वाचता आली नाही. अर्थ एवढाच की मूल भांडलं, रडलं, लपलं, चावलं, की त्याला त्या दारात आणून सोडायचं. आमच्या वेळी या कामाला पाटी नव्हती, छडी होती. तसं मी तिला ऐकवलं, तर म्हणाली, “आणि त्या छडीनं तुम्ही सुधारलात का, वैनी?”

सकाळी शाळेच्या फाटकाशी उभी राहून ती मुलांची तोंडं बघत नसे, पाय बघे. चपला उलटसुलट घालून आलेलं पोर घरून ओरडा खाऊन निघालेलं; पट्टा न लावता फटफट चालत येणारं उपाशी निघालेलं. उपाशी पोराला आधी इडली, मग प्रार्थना. हे शाळेत ठीक होतं. पण माझ्या भाचीला बघायला मुलगा आला, तेव्हा हिनं बाहेर जाऊन त्याचे बूट बघितले आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, “टाच दाबून बूट घालतो. ह्याला धीर नाही.” मुलगा मराठीच होता, त्याला सगळं समजलं. लग्न झालं नाही. पुढे त्यानं तीन नोकऱ्या सोडल्याचं कानावर आलं, पण ते मी तिला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

भांडलेल्या दोघांना ती एका बाकावर बसवी. नियम एकच. आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, दुसऱ्याचं सांगायचं. निम्मी पोरं दुसऱ्याचं गाऱ्हाणं आठवता आठवता आपलं विसरत. एकदा तिरुवलंचुळीला पांढऱ्या विनायकाच्या रांगेत दोन मिशीवाले बाप्ये ढकलाढकली करत होते. हिनं दोघांना बाजूला काढलं, दगडी पायरीवर बसवलं आणि म्हणाली, “हं. आता तुम्ही ह्यांचं सांगा.” एकजण खाली मान घालून बोलला, “ह्यांच्या घरच्यांचे गुडघे धरलेत, त्यांना फार वेळ उभं राहवत नाही.” मग दुसऱ्यालाही लाज वाटली. मी तोवर खांबामागे गेले होते. ओळख दाखवली नाही.

पण तिचं खरं हत्यार म्हणजे ‘वा’. उंबऱ्याच्या आत आमचं मराठी, बाहेर तमिळ. नवी नवी शिक्षिका झाली तेव्हा एका पोरीचं चित्र बघून हिच्या तोंडून घरातलंच निघालं, “वा!” तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. पोरगी उठून जवळ आली. ही आणखी खूश होऊन म्हणाली, “वा, वा!” पोरगी आणखी जवळ आली, तिच्यामागून शेजारची, मग बाक ओलांडत सगळा वर्ग. चाळीस पोरं हिला चिकटून उभी, आणि हिला ‘पो’, म्हणजे जा, म्हणवेना. तेव्हापासून तिनं कुठल्याही मुलाला ‘पो’ म्हटलेलं नाही. पोरानं काच फोडली तरी ‘वा’, पाढे म्हटले तरी ‘वा’. “मी बोलावते की शाबासकी देते, ते पोराला उमजत नाही, वैनी. मलाही नाही. तेवढ्यात त्याचा राग जिरतो.” मी म्हटलं, एक थोबाडीत दिली तर त्याहून लवकर जिरतो.

हे मी नात येईपर्यंत म्हणत होते. मुलगा माझा पुण्यात, सूनही तिकडचीच. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सुनेला अंथरुणातून उठायचंच नाही असं बजावलं, म्हणून सहा वर्षांची नात माझ्याकडे आली आणि वन्संच्या शाळेत पहिलीत बसली. तमिळचा एक शब्द येत नव्हता. पंधरा दिवसांत ती तीन मुलांना चावली. एकाचा बाप शाळेत आला, हात नाचवून गेला. हेडमिस्ट्रेसनी मला बोलावून सांगितलं, आणखी एकदा झालं तर दाखला घेऊन जा. दुसऱ्या कुठल्या शाळेत वर्षाच्या मध्येच घेईनात. म्हणजे पोरीला पुण्याला धाडायची, आणि पोर घरात आली की तिची आई अंथरुणात पडून राहणार आहे थोडीच? मी मुलाला फोनवर काही सांगितलं नाही. “सगळं बरं आहे,” म्हणायची आणि फोन ठेवून पोरीला धमकवायची. ती माझ्याकडे टक लावून बघायची. आमच्याच वळणाची.

मग एके दिवशी वन्सं संध्याकाळी घरी आली ती मनगटावर पदर ओढून. स्वयंपाकघरात येऊन हळद लावायला लागली. मी पदर बाजूला केला. दातांच्या खुणा, अख्ख्या बारा-तेरा.

“हिनं?”

“फाटकाशी. मी नुसतं ‘वा’ म्हटलं. हेडमिस्ट्रेसना दिसलं नाही.”

मी बोलणार तोच पोरीच्या हातून ताकाचं भांडं कलंडलं. माझ्या तोंडून गेलंच, “वा! वा गं राणी! वा!” पोरगी वळली, दातओठ आवळून माझ्याकडे बघायला लागली. वन्सं हळदीच्या हातानं तशीच खाली बसली आणि हसायला लागली.

“वैनी, ह्या पोरीला चावायला तुम्ही शिकवलंत.”

“मी?”

“सांडलं की ‘वा’, पडली की ‘वा’. तुमचा टोमणा. आणि शाळेत ही पडली की पोरं हात पुढे करून म्हणतात, वा, वा. ये, ये! हिला वाटतं, अवघी शाळा हिला हसते.” मग पोरीकडे वळून, “होय का गं?”

पोरगी एवढंच म्हणाली, “ते रोज म्हणतात. मी काहीच केलेलं नसलं तरी.” आणि मग रडली. आली तेव्हापासून रडली नव्हती.

मी ताक पुसलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वन्संनं तिला आणि तिचे चावे खाल्लेल्या तिघांना बाकावर बसवून दोन्हीकडचं दोन्ही भाषांत सांगितलं. पोरांना ते इतकं आवडलं की त्यांनी आमचा ‘ये’ शिकून घेतला आणि मैदानभर “ये! ये!” करत सुटली. तमिळमध्ये तसं ओरडणं म्हणजे “अरे ए!” हेडमिस्ट्रेस धावत बाहेर आल्या, पोरं उद्धट झाली म्हणून. त्यांनाही बाकावर बसावं लागलं म्हणतात. खरंखोटं वन्सं जाणे. चावणं मात्र थांबलं. घरात आता चावत होते ती मीच, माझी जीभ, ‘वा’ ओठांवर आला की.

पुढे फोन आला, मुलगा झाला, आई आणि बाळ दोघं सुखरूप. मी देवापुढे वगैरे बसले नाही. दोन इडल्या जास्त खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपले, कितीतरी दिवसांनी.

उन्हाळ्यात नात पुण्याला गेली, आणि त्याच उन्हाळ्यात वन्संची नोकरी संपली. शाळा उघडली त्या सकाळी मी बघते तर ही आंघोळ करून, केस विंचरून आमच्याच दारात उभी, रस्त्यानं जाणाऱ्या पोरांचे पाय बघत. एकाचा पट्टा सुटलेला होता. ही एक पायरी उतरली, मग पुन्हा चढली. पोरगं पुढे निघून गेलं.

मी आत जाऊन कॉफी केली. दोन पेले. आणि स्वयंपाकघरातूनच हाक मारली, “वा.”

ती वळली. “टोमणा की काय, वैनी?”

“कॉफी निवते आहे,” मी म्हटलं.

ती आली.