सोलांजबाईंचा इंटरव्हल

मिनेसोटात बर्फ पडला की प्लाउवाला तो ढकलत ढकलत पार्किंगच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो. पुढचा बर्फ त्याच्यावर, त्याच्या पुढचा त्याच्यावर. मे महिना उजाडला तरी ढिगारा तिथेच! आमच्या फिल्म क्लबच्या किश्श्यांचं तसंच झालंय. कोणी मुद्दाम साठवले नाहीत, पण आता गाडी लावायला जागा उरलेली नाही.

क्लब मी सुरू केला. नोकरीसाठी इथे ईडन प्रेरी गावात आले तेव्हा इथल्या मराठी मंडळात गणपती, दिवाळी, संक्रांत आणि पिकनिक एवढंच व्हायचं. माणसं एकाहून एक शिकलेली आणि गप्पा फक्त ग्रीन कार्डच्या, नाहीतर बेसमेंट फिनिश करण्याच्या. मला ते सहन होईना. पुण्यात कॉलेजात असताना मी सोलांज व्हेरनॉय या फ्रेंच नटीचा एक सिनेमा पाहिला होता आणि पुढचे चार दिवस मला धड जेवण गेलं नव्हतं. मी ठरवलं, या बाईंचे अकराच्या अकरा सिनेमे या लोकांना दाखवायचे. क्रमानं, महिन्याला एक. एकोणिसाव्या वर्षीच्या पहिल्या सिनेमापासून बेचाळिसाव्या वर्षीच्या शेवटच्यापर्यंत. त्यानंतर बाईंनी काम सोडलं ते कायमचं. का सोडलं, ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.

मंडळाच्या अध्यक्ष सोनालीताईंनी क्लबहाउसचा हॉल रविवारी दुपारी दिला, पण अट घालून. "शेवटपर्यंत दहा माणसं बसली पाहिजेत. रजिस्टर ठेव, सिनेमा संपल्यावर सह्या घे. एकदा जरी नऊ झाल्या, तर हॉल पिकलबॉल खेळणाऱ्यांना!"

पिकलबॉलवाले तेव्हापासूनच दारातून डोकावून डोकी मोजून जायचे.

*

पहिला सिनेमा. सोलांजबाई एका बंदरावर मासे साफ करतात. सुरुवातीची बारा मिनिटं कोणी एक शब्द बोलत नाही. माझ्या मते जगातली ही सर्वांत सुंदर बारा मिनिटं आहेत.

तिसऱ्या मिनिटाला गोगटे काका उठले. काका रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर. मुलाकडे राहतात आणि क्लबचे तांत्रिक प्रमुख आहेत. हे पद त्यांना कोणी दिलेलं नाही.

"साउंड गेलाय," ते म्हणाले.

"काका, नाही गेलेला. सिनेमाच तसा आहे."

"असा कुठे सिनेमा असतो का?"

त्यांनी केबल काढली, फुंकली, परत लावली. स्पीकर उलटा करून पाहिला. टेबलाखाली शिरले. बाराव्या मिनिटाला ते टेबलाखालून बाहेर आले आणि त्याच क्षणी पडद्यावर पहिला संवाद सुरू झाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांसाठी!

*

काकांचं दुसरं म्हणणं असं की, इंटरव्हलशिवाय सिनेमा होऊ शकत नाही. मी समजावलं, दिग्दर्शकानं तो सलग बघण्यासाठी काढलाय, मध्ये थांबवणं हा त्याचा अपमान आहे. काका म्हणाले, "त्याला कोण सांगायला जाणार आहे?"

रिमोट त्यांच्याकडेच असायचा. डीव्हीडीच्या पाठीवरची मिनिटं बघून ते भागिले दोन करायचे आणि बरोब्बर मध्यावर पॉज दाबायचे. तिसऱ्या सिनेमात सोलांजबाई सासऱ्याच्या कानाखाली मारायला हात उगारतात. तो हात हवेत असतानाच मध्य आला.

वीस मिनिटं पडद्यावर तो हात तसाच वर होता आणि खाली आम्ही साबुदाणा वडे खात होतो. मी रागानं एकही वडा खाल्ला नाही. नीलिमा मावशी बशी घेऊन पडद्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "काका, लावा हो आता. बिचारीचा हात भरून आला असेल."

*

नीलिमा मावशींचं वेगळंच. त्या चष्मा गाडीत विसरतात. दर वेळी. त्यामुळे सबटायटल्स वाचता येत नाहीत, आणि फ्रेंच तर येतच नाही. तरी शेजारच्या दोघींना त्या सबंध सिनेमा समजावून सांगतात.

पाचव्या सिनेमात बाई स्वयंपाकघरात उभ्या राहून जेवणाऱ्या नवऱ्याकडे नुसत्या बघतात. मावशी कुजबुजल्या, "हिला घर सोडून जायचंय. पण तो जेवतोय ना, म्हणून थांबलीय. जेवत्या माणसाला कसं सांगणार?"

मला राहवलं नाही. मागे वळून म्हटलं, "मावशी, प्लीज! असं काहीही नाहीये तिथे."

अर्ध्या तासानं बाईंनी बहिणीला पत्र लिहिलं. सबटायटल आलं : मी त्याचं जेवण होईपर्यंत थांबले.

पुढच्या महिन्यापासून मावशींच्या आजूबाजूच्या खुर्च्या आधी भरायला लागल्या.

*

सहावा आणि सातवा सिनेमा यांच्यामध्ये बाईंची दोन वर्षं कोरी आहेत. हे मी सुरुवातीच्या भाषणात सांगितलं. (भाषण वीस मिनिटांचं असायचं. आता दोन मिनिटांचं असतं, मंडळाचा ठराव झालाय.) नागपूरच्या प्रसादनं लगेच हात वर केला. त्याचा नुकताच लेऑफ झाला होता.

"बाईंच्या रेझ्युमेत गॅप आहे यार. इंटरव्ह्यूत काय सांगत असतील?"

मी चिडले. "कलावंताच्या आयुष्यात गॅप नसते, प्रसाद. ती साधना असते!"

त्यानं फोनमध्ये लिहून घेतलं. पुढच्या इंटरव्ह्यूत गॅपचा प्रश्न आल्यावर त्यानं हेच इंग्रजीतून सांगितलं. नोकरी लागली! योगाचं ॲप बनवणारी कंपनी आहे.

*

जानेवारीत बाहेर उणे पंचवीस असताना आठवा सिनेमा होता. आलो नऊच जण. दारात पिकलबॉलवाले रॅकेट घेऊनच उभे होते. मी बाहेर गेले आणि पार्किंगमधला बर्फ ढकलणाऱ्या डगला म्हटलं, आत गरम चहा आहे, फक्त शेवटपर्यंत बसावं लागेल.

डग बसला. टोपी काढून, हात गुडघ्यांवर ठेवून, डोळ्यांची पापणी न हलवता. शेवटी सोलांजबाई आईला जमिनीत पुरून एकट्या घरी येतात, तेव्हा त्यानं मोठ्यानं नाक शिंकरलं. त्यानं रजिस्टरमध्ये सही केली आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं : जमीन गोठलेली नव्हती, नशीब.

या क्लबमध्ये आजवर आलेला हा एकमेव गंभीर अभिप्राय आहे.

*

आणि मग अकरावा, शेवटचा सिनेमा.

त्याच महिन्यात मिनिॲपोलिसच्या एका कॉलेजनं सोलांजबाईंना बोलावलं होतं. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी त्यांना सहा पानी ईमेल लिहिली. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून असलेल्या क्लेअर नावाच्या विद्यार्थिनीचं चार ओळींचं उत्तर आलं. मॅडम येतील. पण त्या स्वतःचे सिनेमे बघत नाहीत. हा सिनेमा तर त्यांनी आजवर पूर्ण पाहिलेला नाही, पहिल्या खेळालाही मध्यातून उठून गेल्या होत्या. इथेही जातील, कृपया वाईट वाटून घेऊ नये.

मी काकांकडे गेले. "काका, आज साक्षात त्या येतायत. आज तरी इंटरव्हल नको. हात जोडते."

काका म्हणाले, "बरं."

रविवारी हॉल भरून माणसं आली. सोनालीताईंनी बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. बाईंनी क्लेअरमार्फत विचारलं, हा नारळ फोडायचा असतो का? सोनालीताई म्हणाल्या, "छे! पुढच्या पाहुण्याला द्यायचा असतो." मग सगळ्यांनी फोटो काढले आणि बहुतेक जण शेजारच्या उपनगरात एकांची वास्तुशांत होती तिकडे गेले. सोनालीताईसुद्धा गेल्या. जाताना म्हणाल्या, "रजिस्टर संध्याकाळी बघते हं."

दिवे मालवले. मी मोजलं. काका, मावशी, प्रसाद, डग, क्लेअर, मी आणि आणखी तिघं. नऊ. दहाव्या सोलांजबाई. आणि त्या मध्यातून उठणार होत्या!

मी सिनेमा बघितलाच नाही. मी बाईंची पाठ बघत होते. ती शाल, मांडीवर तो नारळ. पडद्यावर बेचाळीस वर्षांच्या सोलांजबाई रेल्वे स्टेशनवर कोणाची तरी वाट बघत होत्या. पहिल्या रांगेतल्या बाई हळूच उठल्या. नारळ खुर्चीवर ठेवला, कोट घेतला.

खट्! पडदा थांबला. दिवे लागले.

"इंटरव्हल!" काका म्हणाले. मग कोट घेऊन उभ्या असलेल्या बाईंकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते माझ्याकडे वळून अभिमानानं म्हणाले, "बघ! यांना बरोबर कळलं. नटी आहे शेवटी!"

बाईंना काही बोलता येण्याआधी मावशींनी त्यांच्या हातात बटाटेवड्याची बशी दिली, कोट काढून घेतला आणि नेहमीच्या सवयीनं तो स्वतःच्या कोटाबरोबर आतल्या खोलीत नेऊन टांगला. बाईंनी दोन वडे खाल्ले. चटणी परत मागितली. चहा घेतला. मग घंटा वाजली (काका घंटा घरून आणतात), सगळे बसले, दिवे गेले. कोट आत आणि हातात भरलेला कप. बाई नारळ उचलून बसल्या.

एकदाही उठल्या नाहीत.

संपल्यावर कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मी रजिस्टर पुढे केलं. बाईंनी दहाव्या ओळीवर सही केली. मग पडद्यावर थांबलेल्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बोट दाखवून क्लेअरला हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. क्लेअरनं एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या विचारतायत, ही मुलगी चांगलं काम करते. हल्ली काय करते?"

माझी चाळीस प्रश्नांची यादी माझ्या हातात होती. मी ती रजिस्टरमध्ये मिटून टाकली. काकांनी रिमोट खाली ठेवला.

नीलिमा मावशींनी बाईंच्या कपात पुन्हा चहा ओतला.

"चहा पितेय," त्या म्हणाल्या.