हौसाबाईंचा चांगला हात

“आमच्या भैनीला बांधून घालायला सांगणारी मॅडम तुमीच का?”

मी मान वर केली. ओपीडीच्या दारात सत्तरीचे, ताठ कण्याचे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या हातात निळ्या कापडाचा जाड हातमोजा होता. तो मीच आठवड्यापूर्वी त्यांची बहीण हौसाबाई यांच्या डाव्या हातासाठी दिला होता. हौसाबाई मागे बाकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून सुरेखा पदराने डोळे पुसत होती.

मी कराडच्या एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारामुळे जी रोजची कामे सुटतात, म्हणजे जेवणे, बटण लावणे, तांब्या उचलणे, ती रुग्णाला पुन्हा शिकवणे हा माझा व्यवसाय.

“मामा, आधी बसा,” मी म्हणाले. सुरेखा त्यांना मामा म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणाले.

“बसायला आलो न्हाई. भैनीला माझ्या घरी न्यायला आलोय. तुमचं कागदपत्र काय असंल ते बंद करा.”

आदल्या दिवशी मामा न कळवता दुपारी वडूजजवळच्या बहिणीच्या गावी गेले होते. त्यांनी जे पाहिले ते असे. बहिणीचा धडधाकट डावा हात मोज्यात बांधलेला. लुळ्या उजव्या हाताने ती भाकरीचा काला उचलते आहे आणि तो पुन्हा पुन्हा सांडतो आहे. समोर सून हाताची घडी घालून स्वस्थ बसली आहे.

“म्हातारीच्या डोळ्याचं पाणी खळंना, आन् ही बया गप!” मामा म्हणाले. “गावात काय बोलत्यात ठाव हाय का? ल्योक बॉर्डरवर, आन् सून सासूला उपाशी मारतीया.”

“मला तरी बरं वाटतंय व्हय, मामा?” सुरेखा म्हणाली. “चार म्हैनं मीच भरवलं की.”

तिचे म्हणणे खरे होते आणि अडचण नेमकी तिथेच होती. चार महिन्यांपूर्वी हौसाबाईंना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि उजवा हात लुळा पडला. सुरेखाने सासूला पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही. गावाने तिचे कौतुक केले. मी तपासले तेव्हा मनगट थोडे वर उचलले जात होते आणि बोटे अर्धवट उघडत होती. म्हणजे हात काही प्रमाणात परतला होता. पण हौसाबाई त्याला कामालाच लावत नव्हत्या. सून नसेल तेव्हा डाव्या हाताने, आतल्या खोलीत, दार लोटून जेवत होत्या. “मला चार माणसांत बसून जेवायचंय,” त्या पहिल्याच भेटीत जड जिभेने म्हणाल्या होत्या. “उजव्या हातानं.”

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. मेंदूतील बहुतेक पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, पलीकडची ते टिपते, आणि निरोप पोहोचतो. या जोडणीला सिनॅप्स म्हणतात. जी जोडणी वारंवार वापरली जाते ती बळकट होते. जी पडून राहते ती क्षीण होते. मेंदू एकदा घडला की घडला, असे पूर्वी मानत. अलीकडच्या संशोधनाने ते खोडून काढले आहे. मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत, हे खरे. परंतु शेजारच्या वाचलेल्या पेशी नव्या जोडण्या करून त्यांचे काही काम उचलू शकतात. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही तयारी अधिक असते. म्हणून, लुळ्या हाताला काम करणे भाग पडावे यासाठी, आम्ही चांगला हात दिवसाचे ठरावीक तास मोज्यात ठेवतो. रोज किती तास, ते ठरवून दिलेले असते. चुलीजवळ, न्हाणीत आणि जिना चढताना मोजा काढायचा असतो.

हे सगळे मी मामांना सांगितले. न्यूरोप्लास्टिसिटी हा शब्दही वापरला.

“हे लेक्चर झालं,” ते म्हणाले. “मी फौजेत हवालदार हुतो, मॅडम. वायरलेसवर बावीस वर्सं. मला समजंल असं बोला.”

वायरलेस म्हटल्यावर मला वाट सापडली. “मामा, एखादा सेट महिनोन्‌महिने बंद ठेवला, तर त्याच्या फ्रिक्वेन्सीचे काय होते?”

“काय हुतंय? दुसरी युनिट घेती की वापरायला. रिकामी कोण ठेवतंय?”

“मेंदूतही तेच होते. बंद हाताची जागा मेंदूतले शेजारचे भाग वापरू लागतात.”

मामांनी हातातला मोजा उलटासुलटा करून पाहिला. “म्हंजी ह्यो सेट बळंच चालू ठिवायचा. खरखर आली तरी.”

तीस वर्षांच्या कामात इतकी नेमकी व्याख्या मी कुणाकडून ऐकली नव्हती.

“पण तिचं रडं?” त्यांचा आवाज उतरला.

उत्तर बाकावरून हौसाबाईंनीच दिले. “दादा, भरवल्याला घास ग्वाड लागत न्हाई रं. सांडू दे. माजं मी बघती.”

चूक माझी होती. सूचना मी दोघींना दिल्या, छापील कागदही दिला. पण जेवणाच्या वेळी त्या घरात कोण कोण डोकावते, हे विचारलेच नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचे ताट सगळ्या भावकीला दिसते. सुरेखाने आठ दिवस शेजारणींचे टोमणे सोसले आणि हाताची घडी मोडली नाही. मदतीला धावणे सोपे असते. समोर बसून न धावणे किती अवघड असते, ते मला ठाऊक आहे. त्या मुलीविषयी मला तेव्हा जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

बहिणीला नेण्याऐवजी मामाच तिच्या घरी राहायला गेले. जेवणाच्या वेळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. आत येऊ पाहणाऱ्या शेजारणीला सांगत, “ड्युटी चालू हाय. मागनं या.” रोज दुपारी मला मोबाइलवर रिपोर्ट येई. पहिला असा होता: “घास एकवीस. पोचले सहा. मोराल उत्तम.” मोराल म्हणजे फौजी भाषेत मनोधैर्य. मधे सलग चार दिवस आकडा सातवर अडला. मी काळजीत पडले आणि उचलायला सोपा व्हावा म्हणून काला घट्ट करायला सांगितला. पाचव्या दिवशी अकरा पोचले.

तीन आठवड्यांनी मामांच्या नातीचा साखरपुडा झाला. हौसाबाई पंगतीत बसल्या. सुरेखा ठरवून चार पाने सोडून बसली. पहिला घास पानात पडला, दुसराही पडला. शेजारची एक पाहुणी कळवळून भरवायला पुढे सरली.

“हात लावायचा न्हाई!” मामा वाढता वाढता ओरडले. पंगत क्षणभर थांबली.

तिसरा घास तोंडात गेला. हौसाबाई सर्वांत शेवटी उठल्या, पण पान स्वच्छ करून उठल्या. सगळे उजव्या हाताने. हे मला सुरेखाने फोनवर सांगितले.

हौसाबाईंची करंगळी अजून पुरती उघडत नाही. पोलक्याचा हूक त्यांना लावता येत नाही, आणि तो लावता येईल असे आश्वासन मी देत नाही.

माझ्या तपासणीच्या फॉर्मवर मात्र तेव्हापासून एक रकाना वाढला आहे: ‘हा उपचार बंद पाडू शकेल असा नातेवाईक कोण?’ नाव कळले की मी त्यालाच पहिल्या दिवशी बोलावून घेते.