बोलोन्याची बारा मिनिटं

आमच्या डब्लिनच्या बिल्डिंगमध्ये कुणी ट्रिप ठरवली, की वरच्या मजल्यावरचे पुणेकर गृहस्थ न सांगता वेळापत्रक करून देतात. आमच्या इटलीचंही दिलं. विमानतळावरून स्टेशन चाळीस मिनिटं, तिथल्या जिन्यावरून बॅगा उतरवायला सहा. बोलोन्याला गाडी बदलण्यापुढे लिहिलं होतं, ‘नवराबायकोचं भांडण : बारा मिनिटं.’

“हे काय?” मी विचारलं.

“बफर. असू दे,” ते चष्मा पुसत म्हणाले.

आम्ही दोघं खूप हसलो. आणि बोलोन्याला प्लॅटफॉर्म कुठला यावरून कडाडून भांडलो. तरी गाडी मिळाली.

परतल्यावर ते लिफ्टमध्ये भेटले. रोम, पिझ्झा, काही विचारलं नाही. हळूच म्हणाले,

“बारा पुरली का? आम्ही भांडायला वीस घेतली होती. गाडी गेली.”