कँटनीजमधलं "जेवलास काय"

सरळ सांगतो, मला त्या माणसाचा मत्सर वाटायचा. नव्वदीच्या दशकात, आखातात, तुबलीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी हजेरी आणि पत्रव्यवहार बघायचो. तो स्टोअरकीपर, रत्नागिरीकडचा, वयाने मोठा म्हणून सगळ्यांचा चाचा. आधी जहाजावर खलाशी होता, हाँगकाँगच्या गोदीत वर्षं काढलेला.

आमच्याकडे पाच चिनी वेल्डर होते. पत्र्याच्या शेडमध्ये भाजून निघायचे, आणि प्यायला नळाचं गरम पाणी. पुण्यात पत्रकं लिहून बोटं काळी केलेला मी गप्प कसा बसणार? थंड पाण्याच्या कूलरसाठी अर्ज लिहिला. आपल्या लोकांच्या सह्या एका दुपारीत झाल्या. पण भट्टीसारख्या शेडमध्ये उभे राहणारे ते पाच. त्यांच्या सह्या नसतील तर अर्ज कोण वाचणार?

म्हणून प्रवाशांसाठीचं एक पुस्तक मिळवलं, 'नी हाव', म्हणजे चिनीतला नमस्कार, पाठ केलं आणि आठवडाभर रोज सकाळी शेडमध्ये जाऊन म्हटलं. ते मान हलवायचे. साहेबासमोर हलवतात तशी.

मग चहाचा ग्लास घेऊन चाचा यायचा. कँटनकडच्या तिघांना म्हणायचा, "सिक् चो फान् मेइ आ?" शांघायवाल्याला "नोंग हो", फूच्येनवाल्याला "च्या पा ब्वे". लगेच पाचही जणांचे मुखवटे वर, हसणं, पाठीवर थापा.

शेवटी कँटनच्या एका वेल्डरला खुणेने विचारलं, हा रोज काय म्हणतो? त्याने हाताने घास तोंडाकडे नेऊन दाखवला. खलास. माझी खात्रीच पटली: स्टोअरकीपर मालकाच्या जवळचा, जेवू घालून कामगार फोडतोय. त्याच रागात मी डबा खायच्या वेळी सगळ्यांसमोर त्याला गाठलं.

"चाचा, जेवण घालून तुम्ही यांची तोंडं बंद करताय."

भाकरी मोडता मोडता तो थांबला. "मी? अरे पुढारी, माझाच डबा मला पुरत नाही."

"मग रोज जेवणाचं काय विचारता?"

"तुझी आई फोनवर पहिलं काय विचारते?"

जेवलास का. ते माझ्या चेहऱ्यावरच सगळ्यांना दिसलं असावं, कारण हसू पसरलं.

"कँटनच्या तिघांचा नमस्कार तोच, फूच्येनवाल्याचाही तोच, शब्द वेगळे," चाचा म्हणाला. "तुझं नी हाव चूक नाही. शाळेतलं आहे. तू त्यांना रोज 'महोदय' म्हणतोस."

लाज वाटायला हवी होती. वाटला तो मत्सरच. कामगारांच्या एकजुटीवर मी पानंच्या पानं लिहिली होती, आणि याच्याकडे तीन भाषांमधले तीन नमस्कार होते.

तरी अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, म्हणाला, दीड पान अन्याय आहे, कूलर कुठे आहे? शेवटच्या ओळीत होता. त्याने ती ओळ पाचही जणांना मोडक्या शब्दांत, खुणा करत सांगितली, आणि चहा गार व्हायच्या आत सह्या झाल्या. सगळ्यांत वर मी माझ्यासाठी जागा सोडली होती. तिथे चाचाने सही केली.

कूलर आला. सगळे त्याला 'चाचाचा कूलर' म्हणायचे. मीही उशिरा का होईना "सिक् चो फान् मेइ आ" शिकलो, चुकीच्या सुरात; कँटनवाले हसून उत्तर द्यायचे.

पण अर्ज मी लिहिला होता, हे इथे एकदाचं नोंदवतो.