खालच्या बाजूचे खड्डे

आमच्या नाशिकच्या घरात एक नाव कुणी घ्यायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. ते नाव माझ्या थोरल्या बहिणीचं. मी तिला पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी, जेमतेम महिन्याची होऊन ती गेली. वणीहून कळवणकडं जाताना आत आमचा मळा होता, तिथं घराच्या मागं तिला पुरलं. एवढं लहान लेकरू जाळत नाहीत. पुरायला आजोबा आणि वडील गेले. आई बाळंतिणीच्या खोलीतच होती, आणि बायकांनी तसंही तिकडं जायचं नसतं. म्हणून पोर कुठं ठेवली ती जागा आईनं कधी पाहिलीच नाही.

पुढं वडील नाशिकला शाळेत मास्तर झाले, आजोबा गेले, मळा कसायला दिला. आणि मी कॉलेजात होते तेव्हा धरण आलं. दारं, चौकटी, वासे लोकांनी आधीच उपसून नेले होते. आमच्याही घराच्या नुसत्या भिंती उरल्या. श्रावणात निरोप आला की पाणी विहिरीला टेकलंय आणि रोज हातभर वर सरकतंय.

त्या दिवशी आईनं जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशीही. आई बडबडी बाई, सटाण्याकडची, रागावली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. तिसऱ्या दिवशी ती वडिलांसमोर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "मनी पोर कोठे शे?" माझी पोर कुठं आहे.

वडील म्हणाले, "शेवग्याच्या पलीकडं, बांधाच्या अलीकडं."

"शेवगा हाय का आता?"

शेवगा कधीच पडला होता. बांधही नांगरून गेला होता.

"नक्की कुठं ते मला नाही आठवत," वडील म्हणाले. "आता काय उरलं असणार तिथं? मातीच झाली असेल."

"मग माती आणीन. पण तिचीच आणीन. पाण्याखाली मी तिला सोडायची नाही."

सांगते, त्या वेळी मला आईचा रागच आला होता. एकोणीस वर्षांची मी, चांगली जिवंत, समोर उभी, आणि हिचा जीव अडकलाय कुणात तर न पाहिलेल्या एका पोरीत. पण सुकलेल्या तोंडानं ती भिंतीकडं बघत बसली की माझा राग कुठल्या कुठं जायचा.

धातू शोधायचं यंत्र ही कल्पना आईचीच. आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांनी लाकडी चौकटीवर तांब्याची तार गुंडाळून, ट्रान्झिस्टर जोडून एक यंत्र केलं होतं. जमिनीतले नळ सापडतात म्हणायचे. एरवी गल्लीत त्या यंत्राची टिंगलच व्हायची. आई त्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चांदी सापडेल का?" बारशाला तिनं पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले होते. दुपट्यात गुंडाळून नेलं तेव्हा ते पायातच होते, तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

चाचा म्हणाले, "भाभी, याला धातू समजतो. कोणता, ते नाही समजत. हातभर खोल असेल तर बोलेल, त्याच्या खाली नाही." पण दुकान बंद करून ते आले.

पहिल्या दिवशी मळ्यात यंत्र लावल्या लावल्या किंचाळलं. आम्ही सगळे धावलो. ते माझ्या पायाशी बोलत होतं. माझ्या पायात लहानपणापासूनच्या साखळ्या होत्या, दोनदा कड्या वाढवलेल्या. चाचा हसले, "बेटी, आधी हे उतरव." मी त्या रुमालात बांधून पिशवीत टाकल्या.

पाणी खालून येत होतं म्हणून आम्ही खालच्या बाजूनं सुरुवात केली. चाचा यंत्र फिरवायचे, कूं झालं की मी आणि वडील कुदळ मारायचो, आई हातानं माती चाळायची. निघायचं काय? नाल, खिळे, नांगराचा फाळ, बैलाच्या गळ्यातली घंटा. शंभर वर्षं माणसं राहिलेली जागा. तिनं पोटातलं सगळं लोखंड आम्हाला काढून दाखवलं, चांदी तेवढी नाही. लोखंड निघालं की मी ते भिंतीकडं भिरकावायची आणि खड्डा बुजवून पुढं. प्रत्येक खड्ड्यात खाली दगड लागायचे, त्या जमिनीत दगडांना तोटा नव्हता. दिवस मावळता आम्ही वणीला एका ओळखीच्यांकडं मुक्कामाला जायचो आणि सकाळी पहिल्या एसटीनं परत यायचो. सप्तशृंगीचा डोंगर दिवसभर ढगात असायचा. आई तिकडं बघून हातही जोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी वडील मधेच कुदळ ठेवून लांब जाऊन बसले. "थकलात का?" मी विचारलं. त्यांनी नुसता घाम पुसला. मला वाटलं, वय झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खालची बाजू, आमच्या पहिल्या दिवसाच्या खड्ड्यांसकट, पाण्यात गेली होती. यंत्राची बॅटरी उतरत आलेली. चाचा दर दोन पावलांनी यंत्राला थोपटत होते. आई आता यंत्राची वाटच बघत नव्हती. गुडघ्यावर बसून जिथं मिळेल तिथं नखांनी उकरत होती. तिची बोटं फुटली होती. मी तिला उठवायला गेले तर तिनं मला ढकललं. तशी ताकद मी तिच्यात कधी पाहिली नव्हती.

तेव्हा वडील आले आणि तिच्यासमोर चिखलात बसले.

"उकरू नकोस," ते म्हणाले. "वाळे नाहीत तिथं."

आईचे हात थांबले.

"माझ्या आईनं मला काढायला सांगितले होते. चांदी मातीत घालू नये, पुढच्या लेकराला होईल, म्हणाली. मी काढले. ही झाली तेव्हा आटवून हिच्या साखळ्या केल्या."

मी माझ्या पायांकडं बघितलं. पाय मोकळे होते. साखळ्या पिशवीत होत्या. चाचांनी यंत्र बंद केलं आणि ते लांब पाण्याकडं तोंड करून उभे राहिले.

आता आई आकाशपाताळ एक करेल, असं मला वाटलं. ज्या माणसानं तीन दिवस, वीस वर्षं, ताकास तूर लागू दिली नव्हती त्याला ती फाडून खाईल. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मग तिच्याजवळ काय ठेवलंत? रिकामीच ठेवली?"

"नाही," वडील म्हणाले. "तुझ्या उशाखालचा विळा नेला होता. वर दगड रचले आणि त्यांच्यावर विळा ठेवून माती लोटली. तिला काही शिवू नये म्हणून."

बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

आम्ही तिघांनी एकाच वेळी भिंतीकडं पाहिलं. लोखंडाच्या ढिगात, नालांच्या आणि खिळ्यांच्या खाली, एक विळा पडला होता. मूठ कुजून गेलेली, पातं गंजून पातळ झालेलं. तो मीच काढला होता आणि मीच भिरकावला होता. त्याच्या खालचे दगड लागले म्हणून खड्डाही मीच बुजवला होता.

आईनं तो विळा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. "हा कुठं निघाला?"

नेमका खड्डा मला आठवत नव्हता. पण दिवस आठवत होता. पहिला दिवस. फाळाच्या नंतर, घंटेच्या आधी. म्हणजे खालच्या बाजूला. मी तिकडं पाहिलं. तिथं लाल, गढूळ पाणी होतं, कमरेइतकं तरी. खरं सांगितलं असतं तर ती पाण्यात उतरली असती. मला पोहता येत नव्हतं, वडिलांनाही नाही.

मी वरच्या बाजूच्या एका खड्ड्याकडं बोट दाखवलं. "तिथं."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही पहिला दिवस आठवत होता. त्यांनी भाकरीचा डबा आईपुढं सरकवला.

आईनं भाकरीचा डबा रिकामा केला आणि त्या खड्ड्यातली माती दोन्ही हातांनी त्यात भरली. भरताना ती पोरीचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता. मी ते नाव पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. कळवणहून येणाऱ्या एसटीत ती डबा मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात?" आई म्हणाली, "लेक हाय."

साखळ्या मी पुन्हा घातल्या नाहीत. माती आईनं पत्र्याच्या डब्यात घालून नाशिकच्या घराच्या खिडकीत ठेवली. तिच्यात काही लावलं नाही. जे गवत आपोआप उगवलं तेही उपटलं नाही, नुसतं पाणी घालायची. वडिलांशी ती बोलायची, स्वयंपाक करायची, सगळं करायची. त्या मळ्याचं नाव मात्र दोघांनी काढलं नाही.

पाच-सहा वर्षांनी आईचं आजारपण शेवटाला आलं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिनं चमचा हातानं बाजूला केला.

"एक विचारू? तो विळा खरंच तिथं निघाला होता ना, वर?"

"हो," मी म्हणाले.

"बरं झालं," आई म्हणाली. "कारण विळा निघाला त्या पहिल्या दिवशी आपण खालीच खणत होतो. माती मीच चाळत होते."

मी चमचा वाटीत ठेवला. ती खिडकीतल्या डब्याकडं बघत होती.

"आज पाणी घातलंस का तिला?" तिनं विचारलं.

घातलं नव्हतं. मी उठून घातलं.