माइकवाले काका

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रज कवीचा उत्सव सदाशिव पेठेतल्या हॉलमध्ये दर वर्षी व्हायचा. त्याच्या कवितांची मराठी गाणी पेटीवर म्हणायचे आणि मूळ कविता पाठ म्हणायच्या, हातात कागद घेणं तिथे कमीपणाचं. अमरावतीहून आयटीत नोकरीला आलेली मी त्या वर्षी हौसेने उभी राहिले आणि तिसऱ्या कडव्याला डोकं कोरं झालं.

तेवढ्यात स्पीकर कर्कश किंचाळला. कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेले माइकवाले काका सावकाश उठून वर आले. माझ्यापुढचा माइक काढून त्यावर फुंकर मारत, वायर निरखत उभे राहिले.

"अहो, हे घरून तपासून आणायचं असतं!" पहिल्या रांगेतून एक आजोबा कडाडले.

"चुकलं," काका मान खाली घालून म्हणाले. तोवर मला ओळ आठवली. माझा चेहरा बघून त्यांनी माइक परत लावला.

कार्यक्रम संपल्यावर ते कोपराभोवती वायर गुंडाळत होते. मी विचारलं, "माइकला काय झालं होतं हो?"

"माइकला काय होतंय? इंग्रजी मला कळत नाही. पण माणूस विसरला की त्याचा श्वास बदलतो, तो कानात ऐकू येतो."

मी आभार मानायला लागले, तर म्हणाले, "वायरवर उभ्या आहात. सरका."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. हल्ली क्लायंटच्या कॉलवर टीममधली नवी मुलगी बोलता बोलता गप्प झाली, की मी घाईघाईने म्हणते, "सॉरी, माझीच लाइन खराब आहे. एक मिनिट थांबता का?"